मातीनंच थोडं वर यावं

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी एवढंच वाचलं तरी चालेल. गुडघे गेले म्हणून बाग सोडायची नसते. माणसाला खाली जाता येत नसेल तर मातीला वर आणायचं असतं. आणि ती किती वर आणायची, किती रुंद ठेवायची, कुठे ठेवायची, हे ज्याला त्या मातीत हात घालायचाय त्यानं ठरवायचं. मुलांनी, सुनांनी, जावयांनी किंवा दुकानदारानं नव्हे.

हे लिहायचं कारण असं, की आमच्या ओळखीत गेल्या काही वर्षांत तीन परसबागा फरशीखाली गेल्या. तिन्ही घरांत बोलणं एकच. "आई, आता पुरे झालं. पाय घसरला तर? फरशी टाकून घेऊ, दोन शोभेच्या कुंड्या ठेवू." बोलणारी सगळी मायेची माणसं. पण ज्या बाईनं चाळीस वर्षं रोज सकाळी कढीपत्त्याशी चार शब्द बोलून मग चहा केला, तिला शोभेच्या कुंडीचं काय करायचंय? ती नुसती खुर्चीत बसते आणि टीव्ही बघते. मग तीच मुलं म्हणतात, आई हल्ली गप्प गप्प असते!

आपल्याकडचं बागकाम म्हणजे उकिडवं बसून करायचं काम. खुरपं घ्यायचं, साडीचा पदर खोचायचा आणि वाफ्याच्या कडेनं सरकत सरकत जायचं. तरुणपणी काही वाटत नाही. साठीनंतर गुडघ्याची वाटी कुरकुर करायला लागते. सांधा पूर्ण दुमडला की त्याच्यावर सगळ्यात जास्त दाब येतो, म्हणून डॉक्टर उकिडवं बसू नका, मांडी घालू नका असं सांगतात. ज्यांनी गुडघा बदलून घेतलाय त्यांना तर हे बजावूनच सांगतात. संडास बदलला, स्वयंपाकाची चूल केव्हाच जमिनीवरून ओट्यावर गेली, जेवण टेबलावर आलं. सगळं घर वर आलं, फक्त बाग तेवढी खाली राहिली. तिला वर आणण्यात लाज कसली?

काही जणांना वाटतं, हे उंच वाफ्यांचं खूळ परदेशातून आलंय. तिकडे त्यावर काम झालंय हे खरंच. इंग्लंडमध्ये ख्रिस अंडरहिल यांनी १९७८ साली अपंग आणि आजारी माणसांना बागकाम करता यावं म्हणून संस्था काढली, तिचं आजचं नाव थ्राइव्ह. शिकागोच्या वनस्पती उद्यानात १९९९ पासून एक अख्खी बाग अशी आहे की जिथे चाकाच्या खुर्चीत बसून झाडांना हात लावता येतो. चांगलंच आहे. पण मंडळी, आपल्या अंगणातलं तुळशीवृंदावन काय आहे मग?

एकदा शिक्षकाच्या नजरेनं वृंदावनाकडे बघा. उंची कमरेइतकी किंवा छातीपर्यंत, म्हणजे पाणी घालायला, मंजिऱ्या खुडायला वाकावं लागत नाही. रुंदी हातभर, म्हणजे कुठूनही हात पोचतो. चारी बाजूंनी प्रदक्षिणेला जागा. तळाशी पाणी निघून जायला वाट. समोर दिव्याचा कोनाडा. शेळी तोंड घालत नाही, रांगतं मूल माती खात नाही. आणि घरातली सगळ्यात म्हातारी बाईसुद्धा रोज तिथे उभ्या उभ्या जाऊ शकते. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, तिथे वारीला येणाऱ्या बायका तर वृंदावन डोक्यावर घेऊन चालतात. म्हणजे माती उचलून माणसाच्या उंचीला आणायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण ते फक्त तुळशीपुरतं ठेवलं. तेच मेथी-कोथिंबिरीसाठी केलं तर तुळस काही रागावणार नाही.

(शेतकीत "गादीवाफा" म्हणतात तो वेगळा बरं का. तो वीतभर उंच, पाणी साचू नये म्हणून केलेला. मी म्हणतेय तो वाफा ओट्यासारखा उंच.)

आता निवडीचं बघू. इथे बरीच माणसं आधी फोटो बघतात आणि मग आपलं शरीर त्या फोटोत बसवायला जातात. उलटं करा. आधी शरीर मोजा.

आमच्या घरात दोन शरीरं आणि दोन्हींची गरज वेगळी. मला उभं राहता येतं, वाकता येत नाही. ह्यांना २०२१ साली अर्धांगवायूचा झटका आला. आता वॉकर घेऊन चालतात, पण पाच-सात मिनिटांच्या वर उभं राहवत नाही, आणि डावा हात नावालाच. मला जो वाफा सोयीचा तो ह्यांना निरुपयोगी, आणि ह्यांचा मला. एकाच उंचीचे चार वाफे करून घरातल्या सगळ्यांची सोय होईल असं समजणं म्हणजे सगळ्या वर्गाला एकाच मापाचा गणवेश शिवण्यासारखं आहे.

उभं राहून काम करणाऱ्यासाठी नियम सोपा. सरळ उभं राहा, कोपर दुमडा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. मातीचा पृष्ठभाग त्याच्यापेक्षा सहा-आठ इंच खाली हवा. माझं कोपर छत्तीस इंचांवर, म्हणून माझी माती साधारण तीस इंचांवर. कणीक मळताना ओटा उंच असला की खांदे भरून येतात आणि बुटका असला की कंबर धरते, तसंच हे. जिनं आयुष्यभर कणीक मळली तिला हे माप कुणी सांगायला नको!

पण त्यातही एक गोम आहे. आपण मातीची उंची मोजतो आणि झाडाची विसरतो. तीस इंचांवर टोमॅटो लावला आणि तो तीन फूट वाढला की त्याचा शेंडा साडेपाच फुटांवर. माझी उंची पाच फूट! मग टोमॅटो तोडायला स्टूल हवं आणि स्टुलावर चढायला डॉक्टरांची बंदी. म्हणून उंच वाफ्यात बुटकी झाडं लावायची आणि बुटक्या वाफ्यात उंच. मेथी, पालक, कोथिंबीर, चुका, पुदिना, लसूण पात वर. टोमॅटो, वांगं, मिरची, वेल हे फूट-दीड फूट उंचीच्या वाफ्यात. त्यांची फळं आपोआप हाताच्या उंचीला येतात.

बसून काम करणाऱ्याचं गणित जास्त अवघड, आणि ह्याच बाबतीत बाजारातल्या वस्तू सगळ्यात जास्त फसवतात. बसलेल्या माणसाचे गुडघे वाफ्याच्या खाली गेले पाहिजेत. नाही गेले तर त्याला आडवं बसून, कंबर पिळून काम करावं लागतं आणि चौथ्या दिवशी पाठ धरते. साध्या खुर्चीवर बसल्यावर मांडीचा वरचा भाग बावीस-तेवीस इंचांवर येतो, म्हणजे वाफ्याचा तळ निदान चोवीस इंचांवर हवा. चाकाची खुर्ची असेल तर अमेरिकेतल्या नियमांत गुडघ्यांसाठी सत्तावीस इंच मोकळी जागा धरलेली आहे. आता तळाच्या वर फूटभर माती घाला. पृष्ठभाग गेला छत्तीस-एकोणचाळीस इंचांवर, बसलेल्या माणसाच्या थेट हनुवटीशी! तिथे तो काय खुरपणार, कपाळ?

म्हणजे गुडघ्याला जागा हवी तर माती कमी, माती हवी तर गुडघ्याला जागा नाही. ह्यातून मार्ग दोन. एक, सहा इंच मातीवर समाधान मानायचं आणि फक्त पालेभाज्या करायच्या. दुसरा, तळ तिरका करायचा. पोटाकडच्या बाजूला माती पाच-सहा इंच, पलीकडच्या बाजूला दहा-बारा. पुढे कोथिंबीर, मागे मिरची. ह्यांच्यासाठी आम्ही दुसरा मार्ग घेतला. वेल्डिंगवाल्याला वहीवर आकृती काढून दिली तेव्हा तो म्हणाला, "बाई, हे म्हशीच्या गव्हाणीसारखं दिसतंय." म्हटलं, बरोबर ओळखलंस, गव्हाणच आहे. जनावराला चारा तोंडाशी येतो तशी माणसाला माती हाताशी यायला नको का?

रुंदीचा नियम हाताच्या लांबीवरून. पुढे न झुकता हात जिथवर पोचतो तिथवरच वाफा. उभ्या माणसाला दोन फूट, बसलेल्याला अठरा ते वीस इंच. दोन्ही बाजूंनी फिरता येत असेल तर दुप्पट चालतं, पण भिंतीला टेकवलेला तीन फुटी वाफा म्हणजे मागचा फूटभर गवताला आंदण दिला समजा. ज्यांचा एकच हात चालतो त्यांनी आणखी दोन इंच कमी धरावेत, कारण एरवी आपण दुसऱ्या हातानं कड धरून पुढे झुकतो, ती सोय त्यांना नसते.

आता ती कड. कुठल्याच जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं, पण म्हातारं माणूस उठताना समोरची वस्तू धरूनच उठतं. वाफा समोर असला तर वाफा धरणार. पुण्याच्या भाच्यानं मोठ्या प्रेमानं एका ऑनलाइन दुकानातून लाकडी पेटी मागवून दिली. दिसायला इतकी गोजिरी! पण पाय काडीसारखे, खोली जेमतेम पाच इंच आणि पहिल्याच दिवशी ह्यांनी उठायला म्हणून हात टेकला तर अख्खी पेटी अंगावर यायला लागली. मी शेजारी होते म्हणून निभावलं. भाच्याचा हेतू सोन्यासारखा, पण ती पेटी बनवणाऱ्यानं म्हातारं माणूस डोळ्यांसमोर आणलेलंच नव्हतं. तेव्हा वाफा घेताना पहिली परीक्षा हीच घ्या. रिकामा असताना त्याच्या कडेवर अंगाचा भार टाका. हलला तर परत पाठवा. कडा गोल हव्यात, पायांचा पसारा रुंद हवा, आणि जमलं तर एका बाजूला धरायला नळीचा दांडा.

उभं राहता येतं पण मधे मधे बसावं लागतं अशांसाठी सगळ्यात उत्तम म्हणजे विटांचा अठरा-वीस इंच उंच कट्टा, वरची कड आठ-दहा इंच रुंद, तिच्यावर कडप्पा किंवा शहाबादी बसवलेली. कडेवर बसायचं, बाजूला वळून काम करायचं, दमलं की नुसतं बसायचं. शेजारच्या अक्काही येऊन टेकतात. त्यांच्या अंबाडीला त्या गोंगुरा म्हणतात, मागच्या गल्लीतल्या कानडी वहिनी पुंडीपल्ले म्हणतात, आणि आमचा कट्टा एकच. सोलापूर आहे हो!

गच्चीवर करणाऱ्यांनी मात्र माझ्यातल्या बाईंचं जरा ऐकावं. गणित करून बघा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, एक फूट खोल पेटी म्हणजे आठ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे झाले सव्वादोनशे लिटर. पाणी पिऊन भिजलेली आपली काळी माती लिटरला दीड किलोच्या वर, पावणेदोनपर्यंतही जाते. म्हणजे एकेक पेटी साडेतीनशे ते चारशे किलोंची. चौरस फुटाला पन्नास किलोंच्या आसपास! ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी आपल्या भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला दीडशे किलोंच्या जवळपास, म्हणजे चौरस फुटाला चौदा किलो. फरक बघा! म्हणून गच्चीवर पेटी नेण्याआधी बांधकामाच्या इंजिनिअरला विचारायचं, पेटी स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीवर-तुळईवर येईल अशी ठेवायची, माती कमी आणि हलकी वापरायची. अंगण असेल तर हा प्रश्नच नाही. आणि खरं सांगायचं तर ज्याचे गुडघे दुखतात त्यानं रोज जिना चढून बागेत जायचं ह्यात शहाणपण कुठलं? बाग माणसापाशी हवी, शक्यतो स्वयंपाकघराच्या दारापासून वीस पावलांच्या आत.

काळ्या मातीबद्दल अजून थोडं. ज्वारीला ती सोन्यासारखी, पण पेटीत नुसती भरली तर त्रास. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. विटांच्या कट्ट्यात ठासून भरली तर पावसाळ्यात फुगून भिंतीला तडा घालते. म्हणून एक भाग माती, एक भाग चांगलं मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा असं मिश्रण करावं. वजन निम्म्याच्या जवळ येतं आणि खुरपं लोण्यासारखं चालतं. दुबळ्या हातांना हे फार महत्त्वाचं. घट्ट माती उकरायला जोर लागतो, तो कुठून आणायचा?

ह्यातही आपल्या माणसांनी वाट दाखवून ठेवली आहे. श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे, पण त्यांनी "प्रयोग परिवार" उभा केला, शेतकऱ्यांना स्वतः प्रयोग करून बघायला शिकवलं. त्यांचं "विपुलाच सृष्टी" ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. पाचोळा कुजवून सुपीक माती घरीच तयार करायची हा धडा त्यांच्या विचारातला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचं चिपाड वापरून पिशव्यांत आणि पिंपांत गच्चीवर भाजीपाला पिकवून दाखवला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. आपला जिल्हा तर साखर कारखान्यांचा. कोपऱ्या-कोपऱ्यावर रसवंती. चिपाड मागितलं तर तो हसून पोतंभर देतो! फक्त ताजं चिपाड पेटीत टाकू नका. मुंग्या येतात, आणि कुजताना ते मातीतलं नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात. शेण कालवून दोन-तीन महिने कुजू द्यावं, मग वापरावं.

पेटी कशाची हवी? पत्रा आमच्या गावात नकोच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, पत्र्याच्या पेटीत मुळं शिजतात आणि कडेला हात लागला तर पोळतो. लाकडाला वाळवी. साधं प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. सिमेंटची तयार कुंडी टिकाऊ, पण एकदा ठेवली की हलायची नाही, आणि नवी असताना तिच्यातला चुनकटपणा झाडांना सोसत नाही, म्हणून चार-पाच वेळा पाणी भरून ओतून द्यावं लागतं. माझ्या मते सामान्य माणसासाठी उत्तम म्हणजे दोनशे लिटरचं जाड निळं पिंप उभं चिरून त्याचे दोन अर्धे करायचे आणि लोखंडी अँगलच्या घोड्यावर आडवे बसवायचे. अर्धगोल असल्यामुळे कडेला खोली कमी आणि मधे जास्त, खाली गुडघ्यांनाही जागा मिळते. चिरलेल्या कडेवर रबरी नळी चिरून बसवली की हात कापत नाही. तळाला बोटभर जाडीची आठ-दहा भोकं. मात्र पिंप घेताना आधी त्यात काय होतं ते विचारून घ्या. खाद्यतेलाचं, लोणच्याचं चालेल. रंगाचं, औषधाचं, केमिकलचं असेल तर फुकट मिळालं तरी नको. आपण त्यातलं खाणार आहोत.

शहाबादी फरशी आम्हाला शेजारच्या मुलखातून येते, तेव्हा तिच्याबद्दलही सांगते. वाफ्याभोवतीची वाट तीन फूट हवी, म्हणजे वॉकर आणि चाकाची खुर्ची दोन्ही फिरतात. तिथे पॉलिश न केलेली, खरबरीत शहाबादीच टाका. गुळगुळीत टाइल्सवर पाणी सांडलं की संपलं. वाटेत उंबरा नको, पायरी नको आणि वाटेवर आडवा पसरलेला पाइप तर अजिबात नको.

राहिलं पाणी. उंच वाफा लवकर सुकतो हे ह्या सगळ्याचं मोल आहे. जमिनीतल्या वाफ्याला खालून ओल मिळते, ह्याला चारी बाजूंनी झळ लागते. आम्हा सोलापूरकरांनी तर वर्षानुवर्षं पाणी साठवूनच संसार केला. उजनी भरली की आनंद आणि नळाला पाणी कधी येणार हा गल्लीतला कायमचा विषय. म्हणून वाफ्यापाशीच एक पिंप पाण्याचं, दोन विटांवर चढवलेलं, खाली तोटी. भरलेली बादली म्हणजे दहा-पंधरा किलो, ती उचलण्यात सगळी सोय वाया जाते. दोन लिटरची झारी किंवा सरळ तांब्या. वाफ्याच्या मधोमध एक न भाजलेलं नव्हे, भाजलेलं पण रंग न लावलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरून ठेवायचं आणि त्यात पाणी भरून वर ताटली झाकायची. पाझरत राहतं, मुळं आपलं आपण पितात. वर चिपाडाचं नाही तर गव्हाच्या काडाचं आच्छादन. मार्च ते जून हिरवी जाळी. पूर्वेची भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं, सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारनंतर सावली.

आणि मे महिन्यात वाफा रिकामा राहिला तरी राहू द्या. शेतालासुद्धा विश्रांती असते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, मेथी-पालक जो काही जोर धरतात तो बघून वर्षाची भरपाई होते. पेरल्यापासून महिन्याभरात मेथी हातात.

आता विरुद्ध बाजूचं. "दहा-वीस रुपयांची जुडी मंडईत मिळते, त्यासाठी हा उपद्व्याप कशाला?" हिशेब बरोबर आहे. वेल्डिंग, पिंप, खत, माती आणायची हमाली, हे सगळं मेथीच्या जुड्यांनी वसूल करायचं म्हटलं तर आम्हा दोघांना शंभरी गाठावी लागेल! पण वॉकर भाजी पिकवून वसूल होतो का? चष्मा वसूल होतो का? चष्म्यानं वाचता येतं म्हणून आपण तो घेतो. उंच वाफ्यानं माणसाला काम करता येतं, एवढं त्याचं काम.

"घरातल्यांनी करून द्यावं, माळी ठेवावा, ठिबक बसवावं, टायमर लावावा." हे ऐकायला फार छान वाटतं. पण त्यात माणसाला करायला उरतं काय? आजारी माणसाची सगळे सेवा करतात, त्याच्याकडून कुणी काही मागत नाही. झटक्यानंतर पहिले सहा महिने ह्यांना आम्ही सगळं हातात दिलं. पाणी, पेपर, गोळ्या. एक दिवस म्हणाले, "मी ह्या घरात आता फक्त खाणारा उरलोय." ह्या वाक्यावर मी फार विचार केला. आता त्या गव्हाणीतल्या कोथिंबिरीचे मालक ते आहेत. मला हवी असली तर मागावी लागते. कधी कधी "आज नाही, उद्या" असंही ऐकावं लागतं! एका हातानं बी टाकायला त्यांना अर्धा तास लागतो, मी पाच मिनिटांत टाकेन. पण ते मी करत नाही. करूही नये. गावात गावंडे-माळी पुष्कळ मिळतील, पण ज्याचं काम त्याच्या हातून काढून घेणं ही मदत नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्याचा अर्थ सगळं आपणच करावं असाही नाही. माती भरणं, पेटी हलवणं, शेणखताची पोती आणणं ही तरुणांची कामं. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडी आणि एकदा दिवाळीनंतर, कुणीतरी घमेलं घेऊन आलं की पुरे. ठाण्याच्या नणंदबाई, पुण्याचा भाचा, नातवंडं, वाचताय ना? दिवाळीला साडी-मिठाई आणू नका. एक दिवस या, पाच पोती खत भरून जा.

आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना वाफा भेट द्यायचाच असेल तर आधी गृहपाठ करा. मोजपट्टी घेऊन त्यांच्याकडे जा आणि चार मापं घ्या. उभं राहून जमिनीपासून कोपरापर्यंत. बसून जमिनीपासून मांडीच्या वरपर्यंत. न झुकता पुढे हात पोचतो तेवढं अंतर. आणि वॉकर किंवा खुर्चीची रुंदी. मग पाचवा प्रश्न विचारा, जो कुठल्याच मोजपट्टीत बसत नाही. तुम्हाला काय लावायचंय? उत्तर ऐकून घ्या, मधे बोलू नका. त्यांनी अबोली म्हटलं तर अबोली, अळू म्हटलं तर अळू.

मापं सगळ्यांची वेगळी येतील. तुमच्याकडची आली की मला जरूर कळवा, आकृती काढून पाठवते. फळा सुटला तरी खडूची सवय काही सुटत नाही.